सिनेमाच्या बंदुकीत जिवंत काडतूस येतंच कसं?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सांता फे शहराजवळ बोनान्झा क्रीक रँच आहे. वेस्टर्न सिनेमांच्या चित्रीकरणासाठी ती जागा प्रसिद्ध. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी तिथे ‘रस्ट’ या सिनेमाच्या एका दृश्याची तयारी चालली होती. लाकडी चर्चचा सेट होता. बाकावर बसलेले अभिनेते अ‍ॅलेक बॉल्डविन यांनी होल्स्टरमधून रिव्हॉल्व्हर काढून कॅमेऱ्याकडे रोखायचं, एवढंच दृश्य होतं. गोळी झाडायची नव्हतीच, तरी ती सुटली. छायाचित्रणकार हलायना हचिन्स यांच्या शरीरातून आरपार जाऊन ती मागे उभ्या असलेल्या दिग्दर्शक जोएल सूझा यांच्या खांद्यात घुसली. सूझा वाचले. हचिन्स यांना हेलिकॉप्टरने अल्बुकर्कीच्या रुग्णालयात हलवलं, पण त्या वाचल्या नाहीत. त्या ४२ वर्षांच्या होत्या.

नंतर खटले झाले, शिक्षा झाली, सिनेमाही पूर्ण होऊन मे २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. तरी या प्रकरणाचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. खोट्या मारामारीत खरी गोळी आलीच कशी? आणि ‘बंदुका सगळ्यांच्या हाती दिल्या की असंच होणार’ हे खरं आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. दुसऱ्याचं तसं नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातून ते मिळतही नाही. पण क्रमाने जाऊ.

काडतुसाच्या पोटात काय असतं?

बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. या लेखात गोळी म्हणजे फक्त टोकाला बसवलेला धातूचा तुकडा. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर नावाची ठिणगी देणारी छोटी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी, हे सगळं मिळून काडतूस होतं. चाप ओढला की घोडा, म्हणजे बंदुकीच्या मागचा छोटा हातोडा, आपटतो, प्रायमर पेटतो, त्याने दारू पेटते, दारूचा क्षणात वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो.

सिनेमावाल्यांना तीन प्रकारची काडतुसं ठाऊक असतात. पहिलं जिवंत काडतूस, ज्यात वरचं सगळं असतं. दुसरं ब्लँक. त्यात प्रायमर आणि दारू असते, गोळी नसते. आवाज होतो, ज्वाळा दिसते, धूर निघतो. तिसरं डमी. हे दिसायला हुबेहूब जिवंत काडतुसासारखं असतं, टोकाला गोळीही असते, पण आत दारू नसते आणि प्रायमर निकामी केलेला असतो.

डमीची गरजच काय, असं वाटेल. रिव्हॉल्व्हरची रचना बघितली की ते कळतं. त्यात काडतुसं एका गोल फिरत्या भागात बसवतात आणि तो भाग समोरून उघडा असतो. कॅमेरा नळीच्या समोर असेल तर आतली गोळ्यांची टोकं स्पष्ट दिसतात. तिथे ब्लँक भरले किंवा भोकं रिकामी ठेवली, तर प्रेक्षकाला लगेच कळेल. म्हणून जवळून घ्यायच्या दृश्यात डमी वापरतात. ‘रस्ट’च्या त्या तालमीत बंदुकीत फक्त डमी असायला हवी होती.

आता यातली गोची. डमीचं कामच खऱ्यासारखं दिसणं आहे, म्हणजे नुसत्या नजरेने ती ओळखू येऊ नये अशीच ती बनवलेली असते. मग ओळखायची कशी? काही डमींमध्ये दारूऐवजी बारीक छर्रे घातलेले असतात. कानाशी धरून हलवलं की खुळखुळतात. काहींच्या पुंगळीला बाजूने भोक पाडलेलं असतं. प्रायमरकडे बघूनही काही अंदाज येतो. पण हे सगळं एकेक काडतूस बाहेर काढून, हातात घेऊन करावं लागतं. एका खोक्यात पन्नास डमी असतील आणि त्यात एकच जिवंत काडतूस मिसळलं असेल, तर वरवर चाळून ते सापडणार नाही.

ब्लँकनेही माणूस मरतो

‘ब्लँक म्हणजे फुसकी’ हा समज इतका पक्का आहे की इथे थांबायलाच हवं. ब्लँकमध्ये गोळी नसली तरी तापलेला वायू प्रचंड वेगाने नळीबाहेर पडतो. दारू आत राहावी म्हणून पुंगळीचं तोंड बंद करायला लावलेला बोळा असेल, तर तोही त्याच्याबरोबर उडतो. काही अंतरावर यातलं काही जाणवत नाही. नळी शरीराला टेकलेली असेल तर गोष्ट वेगळी. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या २६ वर्षांच्या अभिनेत्याने एका टीव्ही मालिकेच्या सेटवर गमतीत ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावलं आणि चाप ओढला. त्या धक्क्याने कवटी फुटली, काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

ब्रँडन ली या अभिनेत्याचा, ब्रूस ली यांच्या मुलाचा, मृत्यू याहून गुंतागुंतीचा होता. सेटवरची सुरक्षा म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये १९९३ च्या मार्च महिन्यात चित्रीकरण चालू होतं. जवळून घ्यायच्या एका दृश्यासाठी डमी हव्या होत्या. तयार डमी आणण्याऐवजी खऱ्या काडतुसांतली दारू काढून, गोळी परत बसवून त्या सेटसाठीच बनवल्या गेल्या. दारू गेली, पण प्रायमर जिवंत राहिला. कधीतरी चाप ओढला गेला, नुसत्या प्रायमरच्या दाबाने गोळी पुंगळीतून सुटली आणि नळीतच अडकून बसली. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे दुसऱ्या दृश्यासाठी त्याच बंदुकीत ब्लँक भरलं. ब्लँकमध्ये गोळी नव्हती, पण नळीत होती, आणि तिच्यामागे आता भरपूर दारू होती. ३१ मार्चला समोरच्या अभिनेत्याने ठरल्याप्रमाणे ब्रँडन लीवर बंदूक चालवली. ली २८ वर्षांचा होता.

यात कुणीही सेटवर जिवंत काडतूस भरलेलं नव्हतं. डमी बनवण्यात अर्धी चूक झाली, ब्लँक भरण्याआधी नळीतून आरपार बघायचं राहिलं, आणि दोन्ही मिळून एक पूर्ण काडतूस तयार झालं. हेक्समच्या बाबतीत चूक एका माणसाची, एका क्षणाची होती. इथे ती दोन वेगवेगळ्या दिवसांत विभागलेली होती, म्हणून कुणाला दिसली नाही.

‘कोल्ड गन’ या दोन शब्दांवर विसंबून

अमेरिकी सेटवर बंदुका सांभाळणाऱ्याला आर्मरर म्हणतात. बंदूक आणणं, कुलपात ठेवणं, भरणं, तपासणं, दृश्यापुरती हातात देणं आणि लगेच परत घेणं, हे सगळं त्याचं काम. तपासणी झाल्यावर बंदुकीत काय आहे ते सगळ्यांना मोठ्याने सांगायची पद्धत आहे. ‘हॉट गन’ म्हणजे आत ब्लँक आहे, ‘कोल्ड गन’ म्हणजे पेटण्यासारखं काहीच नाही. ‘रस्ट’च्या सेटवर त्या दुपारी ‘कोल्ड गन’ अशी घोषणा झाली होती.

विजेचं काम करणाऱ्याला खालून कुणी ओरडून सांगतं, ‘मेन बंद केलाय.’ शहाणा वायरमन त्यावर विश्वास ठेवतो आणि तरीही टेस्टर लावतोच. घोषणा ही तपासणी झाल्याची बातमी असते, तपासणी नव्हे. ‘रस्ट’चे पहिले सहायक दिग्दर्शक डेव्हिड हॉल्स यांनी तपासात मान्य केलं की सगळी काडतुसं बघायला हवी होती, ती त्यांनी बघितली नाहीत. आर्मरर हॅना गुटिएरेझ-रीड यांच्याकडे बंदुकांसोबत प्रॉप्सचं, म्हणजे दृश्यात लागणाऱ्या इतर वस्तूंचंही काम होतं, आणि गोळी सुटली तेव्हा त्या चर्चच्या आत नव्हत्या. नंतर पोलिसांना सेटवर एकूण सहा जिवंत काडतुसं सापडली, बंदुकीतून सुटलेलं धरून. काही तर कमरेच्या पट्ट्यांमध्ये, डमींच्या रांगेत बसलेली होती.

ती आली कुठून? खटल्यात सरकारी पक्षाने सांगितलं की आर्मररनेच आणली. बचाव पक्षाने दारूगोळा पुरवणाऱ्याकडे बोट दाखवलं. मला विचाराल तर हा वाद न्यायालयासाठी महत्त्वाचा आहे, सुरक्षेसाठी तितका नाही. काडतूस कुणाच्याही डब्यातून आलं असतं, तरी एकेक डमी कानाशी हलवून बघणाऱ्या माणसाच्या हातात ते अडायला हवं होतं.

नियमच नव्हते का?

होते, आणि स्पष्ट होते. हॉलिवूडमधल्या निर्मात्यांच्या आणि कामगार संघटनांच्या संयुक्त समितीने सुरक्षेची पत्रकं काढलेली आहेत. त्यातलं पहिलंच पत्रक बंदुकांवर आहे. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजा, जिवंत काडतुसं सेटवर आणूच नका, असं त्यात लिहिलंय. पण ही पत्रकं म्हणजे शिफारशी. पाळल्या नाहीत म्हणून कुणी पोलीस येत नाही. शिवाय आर्मरर म्हणून काम करायला देशभर लागू असलेला परवाना अमेरिकेत नाही.

‘रस्ट’च्या सेटवर त्या घटनेआधीही बंदुका चुकून उडालेल्या होत्या. कॅमेरा विभागातले काही जण त्या दिवशी सकाळीच काम सोडून निघून गेले होते. राहण्याच्या सोयीबरोबर सुरक्षेचीही तक्रार होती. न्यू मेक्सिकोच्या कामगार-सुरक्षा विभागाने एप्रिल २०२२ मध्ये निर्मिती कंपनीला १,३६,७९३ डॉलरचा दंड लावला. कायद्याने लावता येणारा तो कमाल दंड होता. आधीच्या प्रकारांची माहिती असूनही व्यवस्थापनाने काही केलं नाही, असा ठपका होता. पुढे तडजोडीत रक्कम १,००,००० डॉलरवर आली. सिनेमाच्या खर्चापुढे हा आकडा किरकोळ आहे, आणि मला ती खरी अडचण वाटते.

मग दोषी कोण ठरलं?

हॉल्स यांनी घातक शस्त्र निष्काळजीपणे हाताळल्याच्या आरोपाला आव्हान दिलं नाही. त्यांना सहा महिन्यांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर मोकळीक, मिळालं. गुटिएरेझ-रीड यांना मार्च २०२४ मध्ये ज्युरीने निष्काळजीपणामुळे झालेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं, एप्रिलमध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. मे २०२५ मध्ये त्या पॅरोलवर सुटल्या.

बॉल्डविन यांचं प्रकरण वेडंवाकडं चाललं. जानेवारी २०२३ मध्ये आरोप, एप्रिलमध्ये मागे, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा आरोप. त्यांचं म्हणणं, मी चाप ओढलाच नाही, घोडा मागे खेचून सोडला. ते रिव्हॉल्व्हर जुन्या पद्धतीचं होतं, ज्यात दर वेळी आधी हाताने घोडा मागे खेचावा लागतो. एफबीआयच्या चाचणीचा निष्कर्ष असा की बंदूक धड असताना घोडा पूर्ण मागे असेल, तर चाप ओढल्याशिवाय ती चालत नाही. पण त्याच चाचणीत ठोकाठोक करताना बंदुकीचे आतले भाग तुटले, त्यामुळे तो वाद आणखी चिघळला. शेवटी ज्युरीसमोर तो प्रश्न गेलाच नाही. १२ जुलै २०२४ रोजी, खटला सुरू असतानाच, न्यायाधीश मेरी मार्लो सॉमर यांनी तो कायमचा रद्द केला. प्रकरणाशी संबंध असू शकेल अशी काडतुसं कुणीतरी शेरीफच्या, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयात आणून दिली होती आणि ती माहिती बचाव पक्षापासून लपवली गेली, हे कारण. म्हणजे बॉल्डविन निर्दोष ठरले असंही नाही आणि दोषी ठरले असंही नाही.

एक तपशील फारसा कुणी लक्षात घेत नाही. बॉल्डविन या सिनेमाचे एक निर्मातेही होते. पण त्यांची ती भूमिका या खटल्यात विचारात घेता येणार नाही, असं न्यायाधीशांनी आधीच ठरवलं होतं. आर्मररवर दोन कामं का होती, आधी बंदुका उडाल्या तेव्हा काम का थांबलं नाही, हे निर्मितीच्या बाजूचे प्रश्न. बॉल्डविन यांच्या खटल्यात ते विचारलेच गेले नाहीत.

‘अभिनेत्याने स्वतः उघडून बघायला काय जातं?’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. जॉर्ज क्लूनी यांनी जाहीरपणे सांगितलंय की सेटवर बंदूक हातात आली की ते ती उघडून बघतात आणि जिच्यावर ती रोखायची त्या व्यक्तीलाही दाखवतात. बंदूक बाळगणाऱ्या सामान्य अमेरिकनाला तर हे शाळकरी ज्ञान वाटतं. तिथल्या नेमबाजीच्या वर्गात चार नियम शिकवतात: प्रत्येक बंदूक भरलेली समजा, ज्याला मारायचं नाही त्याच्यावर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर नको, आणि समोर काय आहे हे आधी नीट बघा.

अभिनेत्यांच्या संघटनेचं, म्हणजे सॅग-आफ्ट्राचं म्हणणं याउलट आहे. अभिनेता शस्त्रतज्ज्ञ नाही, तपासणी ही त्याची जबाबदारी नाही. ऐकायला हे हात झटकल्यासारखं वाटतं, पण त्यामागे विचार आहे. डमी जिवंत काडतुसासारखीच दिसते. न शिकलेल्या माणसाने उघडून बघितलं तरी त्याला काय कळणार? उलट आर्मररने नीट लावलेली काडतुसं तो इकडची तिकडे करून ठेवेल. मला मधला मार्ग पटतो: आर्मररने अभिनेत्यासमोर एकेक डमी हलवून दाखवावी, अभिनेत्याने ती बघितल्याशिवाय बंदूक हातात घेऊ नये.

आणि नेमबाजांच्या चार नियमांचं काय? अडचण ही की कॅमेऱ्याला त्यातला दुसरा नियम मोडलेलाच हवा असतो. नळी माणसावर रोखल्याशिवाय दृश्यच होत नाही. खाजगी आयुष्यात एक नियम चुकला तर उरलेले तीन सांभाळून घेतात. सेटवर एक नियम मुद्दाम बाजूला ठेवलेला असतो, म्हणून तिथे ‘जिवंत काडतूस आवारातच नको’ हा नियम कधीच सैल करता येत नाही.

खरी बंदूक हवीच कशाला?

रबराची बंदूक, हवेवर चालणारी एअरसॉफ्ट, ज्वाळा आणि धूर नंतर संगणकावर, हे सगळं आज शक्य आहे. ‘द रूकी’ या टीव्ही मालिकेने ‘रस्ट’च्या दुसऱ्याच दिवशी खऱ्या बंदुका बंद केल्या. ड्वेन जॉन्सन यांनीही आपल्या कंपनीच्या निर्मितीत रबरी बंदुकाच वापरू असं जाहीर केलं.

विरोध करणारे म्हणतात, धक्का बसला नाही तर अभिनेत्याचा खांदा खोटा हलतो, पुंगळी उडत नाही, आवाजाने दचकणं येत नाही. हे खरं आहे. पण सिनेमात पाऊस खोटा चालतो, रक्त खोटं चालतं, मग खांद्याच्या हालचालीवरच एवढा हट्ट का, हे मला कळलेलं नाही. छोट्या निर्मितीला संगणकावरचा खर्च परवडत नाही, हा मुद्दा त्यापेक्षा वजनदार आहे. पण ज्याला तो खर्च परवडत नाही, त्याला पूर्णवेळ आर्मररही परवडणार नाही.

हा बंदूक-हक्काच्या वादाचा पुरावा आहे का?

दोन्ही बाजूंनी हे प्रकरण लगेच उचललं. बॉल्डविन बंदूक-हक्क संघटना एनआरएचे जाहीर टीकाकार. त्यामुळे विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. डोनाल्ड ट्रम्प ज्युनिअर यांच्या संकेतस्थळावर तर त्यांची टर उडवणारे टी-शर्ट विकायला आले. दुसऱ्या बाजूने म्हटलं गेलं, पगारी माणसं नेमूनही हे होतं, तर घराघरांत काय होत असेल?

आकडे बघू. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या, २६,३२८. खून २०,९५८. अपघाताने बंदूक सुटून झालेले मृत्यू एकूणात साधारण एक टक्का. म्हणजे ‘रस्ट’सारखा मृत्यू हा अमेरिकेच्या बंदूक-प्रश्नाचा अगदी छोटा कोपरा आहे. त्यावरून मोठ्या दोन भागांबद्दल काही सिद्ध करू पाहणं, मग ते कोणत्याही बाजूने असो, मला गैरवाजवी वाटतं.

शिवाय कायद्याची चौकटच वेगळी आहे. सेट ही कामाची जागा. तिथे मालक ‘बंदूक आणायची नाही’ म्हणाला की विषय संपला. घरातल्या बंदुकीला संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीचं संरक्षण आहे. ही १७९१ ची. तिच्या आधारे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने, स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे असा निकाल दिला. राजधानी वॉशिंग्टनचा एक नियम त्यात रद्द झाला: घरातली बंदूक रिकामी करून सुटी ठेवा किंवा चापाला कुलूप लावा. न्यायालयाचं म्हणणं, अशी बंदूक ऐनवेळी उपयोगाची नाही. हक्क अमर्याद नाही हेही त्याच निकालात म्हटलंय. २०२२ मध्ये न्यायालयाने बंदूक-कायदा देशाच्या इतिहासातल्या परंपरेशी जुळला तरच टिकेल अशी कसोटी लावली, आणि २०२४ मध्ये, ८ विरुद्ध १ ने, घरगुती हिंसाचारामुळे ज्याच्यावर न्यायालयीन मनाई आहे त्याच्याकडून बंदूक काढून घेता येते असं सांगितलं. न्यू मेक्सिकोच्या गव्हर्नरांनी सप्टेंबर २०२३ मध्ये अल्बुकर्की परिसरात सार्वजनिक ठिकाणी बंदूक बाळगायला तात्पुरती बंदी घातली, तर काही दिवसांतच संघराज्य न्यायालयाने ती अडवली. ज्या राज्यात ‘रस्ट’ घडलं, तिथे सरकारला सेटवर जे करता येतं ते रस्त्यावर करता येत नाही.

एक धागा मात्र दोन्हीकडे आहे, तो काडतुसांचा. अमेरिकेत परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेताना खरेदीदाराची पूर्वतपासणी होते. काडतुसं घ्यायला देशपातळीवर तशी तपासणी नाही. डमी आणि जिवंत काडतूस एकाच मापाचं, एकाच रंगाचं, आणि दुसरं दुकानात सहज मिळणारं. ब्रिटनमध्ये बंदुकांचे कायदे कितीतरी कडक, पण तिथल्या १९६८ च्या कायद्यातही नाटक-सिनेमाच्या प्रयोगापुरती प्रमाणपत्राशिवाय बंदूक हाताळायची सूट आहे. तेव्हा कडक कायद्याने सेटवरची बंदूक गायब होत नाही. तिच्या आसपास जिवंत काडतूस असण्याची शक्यता तेवढी घटते.

बदल कुठून आला?

बंदूक-कायद्यातून नाही, करसवलतीतून. कॅलिफोर्नियाने जुलै २०२३ मध्ये सिनेमांच्या करसवलतीची योजना वाढवली, वर्षाला ३३ कोटी डॉलरची, आणि त्याच कायद्यात सेटवरच्या बंदुकांचे नियम घातले. बंदूक असेल तिथे प्रशिक्षित माणूस हवा, आणि मोजके अपवाद सोडले तर जिवंत काडतुसांना बंदी. जे आधी पत्रकातली शिफारस होतं, ते आता त्या राज्यापुरतं कायद्यात आलंय. न्यू मेक्सिकोही सिनेमांना भरघोस करसवलत देतं. आर्मररला दुसरं काम देऊ नका ही अट त्या सवलतीच्या अर्जावर घालायला संविधानाची कुठलीच दुरुस्ती आड येत नाही.